शोकसंदेशातली सुई

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. विणकामाच्या एका वेबसाइटवर प्रत्येक पानाच्या तळाशी मी असते. माझ्यावर लिहिलेलं असतं, "आपला अभिप्राय इथे लिहा." एवढंच माझं रूप. कुणी काही लिहिलं की ते मी पोटात ठेवते आणि पुढे जो कुणी ते पान उघडेल, त्याला दाखवते.

मला एका लेकीने आपल्या आईसाठी इथे बसवलं. आई मोजे, टोप्या, स्वेटर विणायची आणि ते कसे विणायचे हे सोप्या भाषेत लिहायची. वाचणाऱ्या बायका तिला ताई म्हणायच्या. लेक कॉम्प्युटरचं काम करते. तिने तयार मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं, त्यातून ही वेबसाइट उभी केली आणि माझ्या तोंडाला एक चाळणी लावली.

ही चाळणी नीट समजून घ्या. पान उघडून दाखवणारा ब्राउझर फार आज्ञाधारक असतो. पानावर शब्द असले की तो दाखवतो आणि हुकूम असला की पाळतो. हुकूम घरच्याने लिहिला की परक्याने, हे तो विचारत नाही. पानावर आहे म्हणजे घरचाच असणार, असं तो धरून चालतो. चाळणी अशा हुकमांचे दात काढून घेते. मग ते नुसती अक्षरं म्हणून पडून राहतात.

पण विणणाऱ्या बायकांची एक रीत होती. नुसते शब्द लिहून त्यांचं भागायचं नाही. रंगीत चौकोनांची नक्षी करून त्या माझ्यात चिकटवायच्या. ते रंगही एक प्रकारचे हुकूमच असतात, त्यामुळे चाळणी त्यांनाही सोडायची नाही. एका आजीबाईंनी हरीण पाठवलं आणि पानावर नुसता खुणांचा कचरा उमटला. "ताई, माझं हरीण कुणी खाल्लं?" असं त्यांनी रागावून विचारलं.

ताईने लेकीला बोलावलं. "अगं, बायका हौसेने नक्षी पाठवतात आणि तुझी ही चौकट तिचा भुगा करते. काढ ती चाळणी."

"आई, असू दे. कोण काय टाकेल, सांगता येत नाही."

"विणणाऱ्या बायका काय टाकणार? फार तर टाके!"

लेक हसली आणि तिने चाळणी काढली. नंतर काहीतरी वेगळी सोय करते म्हणाली. ते नंतर राहूनच गेलं.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. हरणं आली, मोर आले, फुलं आली. ताई प्रत्येकीला उत्तर द्यायची आणि उत्तरात नवऱ्याची चेष्टा करायची. नवरा वायरमन. लोकांच्या घरी दिवे लावून दमून यायचा आणि तिच्याशेजारी चहा घेत बसायचा. एकदा तिने लिहिलं, "आमच्या ह्यांच्या मोज्याला एवढी लोकर लागते की त्यात बाळाचा स्वेटर होईल."

"अगं, जगाला माझ्या पायाचं माप कशाला?"

"जगाला कळू दे, मी काय काय सोसते ते."

मग ताई आजारी पडली. अंथरुणातूनही ती उत्तरं लिहायची. आणि एके दिवशी उत्तरं थांबली.

तिचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर तसाच राहिला. वेबसाइटच्या मालकाच्या खोलीत, म्हणजे जिथून सगळं बदलता येतं त्या पानावर, कोपऱ्यात तिचा फोटो होता. फोटोशेजारी हिरवा ठिपका होता. ती आत आहे, हजर आहे, असा त्याचा अर्थ. बाहेर पडण्याचं बटण दाबलं की तो ठिपका करडा होतो. वायरमनने ते बटण कधीच दाबलं नाही. रोज सकाळी तो चहा घेऊन बसायचा, हिरव्या ठिपक्याकडे बघायचा आणि तिचं एखादं जुनं उत्तर वाचायचा. फार करून एकच वाचायचा. टाका सुटून रडकुंडीला आलेल्या एका बाईला तिने दिलेलं, शेवटच्या दिवसांतलं.

बायकांना बातमी कळली तसे शोकसंदेश येऊ लागले. सगळे माझ्याच पोटात आले. त्यातला एक अनोळखी नावाचा होता. "ताई गेल्या आणि घरातला दिवा गेल्यासारखं झालं. त्यांनी मला न बघता माया दिली." वायरमनने मालकाच्या खोलीत तो उघडला आणि लेकीला फोनवर वाचून दाखवला. "बघ, सगळ्यात चांगलं याने लिहिलंय." मलाही वाटलं, असा संदेश माझ्यात आला, माझं सोनं झालं.

त्या शब्दांच्या शेपटाला एक न दिसणारा हुकूम बांधलेला होता. मऊ लोकरीच्या गुंड्यात उभी सुई खोचावी तसा. वायरमनने पान उघडताच ब्राउझरने तो वाचला. खोलीत मालकीण हजर आहे, हिरवा ठिपका आहे, म्हणजे हुकूम तिचाच. त्याने मुकाट्याने आणखी एक मालक तयार केला. संदेश पाठवणारा त्या नव्या मालकाच्या नावाने आत शिरला.

दुसऱ्या सकाळी ताईचा फोटो नव्हता. विणीच्या जागी जुगाराच्या जाहिराती लटकत होत्या. तिचं एकही उत्तर उरलं नव्हतं.

वायरमनने घाबरून लेकीला फोन लावला. "अगं, माझ्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. तुझी आई पुसली गेली."

लेक धावत आली. बराच वेळ पडद्यात डोकं घालून बसली आणि मग तिने सगळं समजावलं. वायरमनने एकच विचारलं, "पण लिहिलेलं तरी मनापासून होतं का?"

लेकीने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. मग म्हणाली, "बाबा, हेच शब्द त्याने दुसरीकडेही चिकटवलेत. एका वारलेल्या शिक्षकाच्या पानावर. एका गाणाऱ्या बाईच्या पानावर. फक्त नाव बदललंय."

मित्रांनो, चोरी झाली याचं दुःख होतंच. पण त्याने आमचं रडणं हेरलं आणि तिथूनच तो आत आला. हे मला अजून पचलेलं नाही.

लेकीने परक्याला हाकललं, सॉफ्टवेअर नवं केलं, चाळणी परत बसवली. तिच्याकडे वेबसाइटची एक जुनी प्रत होती. त्यातून बरंच परत आलं. आजारपणातली उत्तरं मात्र त्यात नव्हती. ती कायमची गेली.

"आता आईला बाहेर काढावं लागेल, बाबा."

"तो हिरवा ठिपका राहू दे ना गं."

"तो परका त्या ठिपक्याच्याच आधाराने आत आला."

वायरमनने लॅपटॉप जवळ ओढला. "चालू लाइनवर काम करू नका, आधी मेन बंद करा. आयुष्यभर लोकांना मीच सांगत आलो," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने बटण दाबलं. ठिपका करडा झाला.

"ही चौकटही काढून टाकते," लेक म्हणाली.

"नको. माणसं तिच्याकडे इथूनच यायची."

म्हणून मी आज आहे. परवा एका नव्या मुलीने लिहिलं, "टाचेपाशी टाका सुटलाय. सगळा मोजा उसवू का?" वायरमन आता स्वतःच्या नावाने आत येतो, काम झालं की आठवणीने बाहेर पडतो. त्याने एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं, "ओढू नका. ओढलं की उसवतं. खालच्या ओळीत टाका शोधा, सुईने अलगद उचला आणि वर आणा. आमच्या ह्यांचे एवढे मोठे पाय, तरी मोजे टिकले." मग खाली लिहिलं, "हे उत्तर तिचं आहे. मला पाठ आहे."

ते वाचून त्या जुन्या आजीबाईंनी पुन्हा नक्षी पाठवली. चाळणीतून आला तो खुणांचा कचराच. वायरमनने उत्तर दिलं, "हरीण दिसत नाही, पण पोचलं."

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशा चौकटी बनवाल. कुणाच्या हौसेखातर चाळणी काढू नका आणि एक फसवणूक झाली म्हणून चौकट बंदही करू नका. चाळणीतून कुणाचं हरीण मोडून आलं, तर तेवढं समजून घ्या.