पान खायला दुसरं कुणी नाही

मी पानाचा डबा बोलतोय. पितळेचा, साताऱ्याच्या बाजारातला, आता उंब्रजच्या भाऊसोंच्या खाटेखाली पडलेला. फौजेतून निवृत्त होऊन येताना त्यांनी मला घेतलं. घरात बैठक बसली की मला मधोमध ठेवत. काय रुबाब होता माझा! माणसांचं बोलणं कुठे चाललंय, हे मला त्यांच्या हातांवरूनच कळायचं.

त्यांची नात प्रांजल लष्करात अधिकारी व्हायचं म्हणून साताऱ्याला शिकते. ती मध्यंतरी सुट्टीला आली आणि म्हणाली, "आजोबा, डिस्कशन, डिबेट, आर्ग्युमेंट, निगोशिएशन... सगळं बोलणंच की. मग फरक काय?"

भाऊसोंनी मला पुढ्यात ओढलं. कितीतरी महिन्यांनी!

"समद्यांनी मिळून वाट शोधायची, ते डिस्कशन. तवा डबा गोल फिरतोय. डिबेटमधी दोन बाजू, जो तो आपलंच खरं करतोय. डब्याकडं कुणाचं ध्यान न्हाई. सोयरिकीत पान हातात धरत्यात, पर मानपान जुळल्याबिगर तोंडात टाकत न्हाईत. ते निगोशिएशन."

"आणि आर्ग्युमेंट?"

भाऊसो माझ्या झाकणावरचा पोचा चाचपू लागले. विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून धाकट्या भावाशी, नानासोंशी, जुंपली तेव्हा त्यांनीच मला भिंतीवर आपटलं होतं. तेव्हापासून भिंतीला भिंत असूनही दोघे बोलत नाहीत. एकट्याने काय खायचं, म्हणून भाऊसोंनी पानही सोडलं. मला तर झुरळंसुद्धा विचारत नाहीत.

"आणि आता तुमचं दोघांचं चाललंय, ते काय?"

"त्ये काईच न्हाई, पोरी. बोलणंच न्हाई, तर शब्द कशाला?"

प्रांजल उठली. मला पुसून पानसुपारी भरली आणि थेट नानासोंपुढे नेऊन ठेवलं.

"त्येनं धाडलंय व्हय?"

"नाही, मीच आणलंय."

"त्येला सांग, मी बोलणार न्हाई," म्हणत नानासोंनी अडकित्ता घेतला आणि माझ्यातली सुपारी कातरत बसले. बारीक, अगदी रव्यासारखी. "दात पडल्यात त्येचे. एवढी खांडं कशी चावंल?"

घरी भाऊसोंनी ती सुपारी तोंडात टाकली आणि ते रडले. पण उठले नाहीत. मोठेपणा आडवा आला.

प्रांजल साताऱ्याला गेली, सुपारी संपली. मी पुन्हा खाटेखाली, रिकामा. फार एकटं वाटतं. भिंतीपलीकडे रोज संध्याकाळी अडकित्ता बराच वेळ वाजत असतो. नानासोंचे दात तर शाबूत आहेत. मग इतकी बारीक सुपारी ते कुणासाठी कातरतात?

भाऊसो, मला उचला. तिकडे चला.