उसना विस्तव

बाबा पहाटे गेले आणि दुपार होत आली तरी त्यांचं अंग निवलं नाही. उलट तापत गेलं. डॉक्टरांनी मनगटाला बोटं लावली आणि झटकन मागे घेतली.

"गेलेत," ते बोटांवर फुंकर घालत म्हणाले, "पण निवल्याशिवाय मला दाखला देता येणार नाही. निवले की बोलवा."

भेटायला लोक येत होते. चहासाठी स्वयंपाकघरात जावं लागत नव्हतं. शेजारच्या हंसाबेननी पातेलं बाबांच्या छातीवर ठेवलं होतं. आधण आलं की त्या डोळ्यांना पदर लावायच्या आणि चहा गाळायला घ्यायच्या. त्यांचे यजमान मनहरभाई पायाशी उभे होते. त्यांचं किराणा मालाचं दुकान आहे.

"बर्फ मंगावू का, बेटा? दुकानात आखी लादी आहे."

"बर्फाचं नाव काढू नका," दारातून आवाज आला. "तापल्या बॉयलरवर गार पाणी? पत्रा तडकतो. किराणावाल्याने गूळ विकावा."

दुबेकाका आले होते. ते इथले, आफ्रिकेतल्या बुलावायोचे. भुसावळच्या आजीला मात्र शेवटपर्यंत ते कानपूरकडचेच वाटत राहिले, कारण आडनाव दुबे. बाबा ड्रायव्हर आणि दुबेकाका फायरमन, अशी दोघांनी वर्षानुवर्षं एकाच इंजिनावर काढली. त्यात काका मराठी शिकले. आधी शिव्या, मग बाकीचं.

त्यांनी बाबांच्या बरगड्यांवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. कान लावला.

"उस्ताद स्टीममध्ये आहेत," ते म्हणाले.

"काका, ते गेलेत."

"गेलेत की. मी कुठे नाही म्हणतो? गेलेत आणि स्टीममध्ये आहेत. तोंड उघड त्यांचं."

तुळशीचं पान ठेवायचं राहिलंच होतं. मी हनुवटी खाली ओढली. आत नारिंगी उजेड होता. पान जिभेपर्यंत पोचायच्या आधीच आक्रसलं आणि राख होऊन उडालं. दुबेकाकांनी टोपी काढली.

"गोगोचा विस्तव आहे," ते म्हणाले.

गोगो म्हणजे त्यांच्या भाषेत आजी. आमच्या शेडमधल्या शेवटच्या इंजिनाचं ते नाव होतं. मधे बॉयलर, दोन्ही टोकांना चाकं, वळणावर कमरेत वाकणारं. त्या शेडमध्ये कुठल्याही इंजिनाची आग काडी ओढून पेटवत नसत. पेटत्या इंजिनातून फावडंभर निखारे काढायचे आणि गार इंजिनात टाकायचे. आजी भुसावळला चुलीसाठी शेजारून विस्तव आणायची, तसंच. विस्तव मागायला आलेल्याला रिकामं पाठवू नये, असं ती म्हणायची. बाबा ते इंजिनांबद्दल म्हणायचे. भुसावळला वाफेची इंजिनं कमी व्हायला लागली तेव्हा ते आईला आणि मला घेऊन इथे आले, कारण इथे अजून वाफ होती. मग इथेही डिझेल आलं. एकेक इंजिन कुणालाच विस्तव न देता गार झालं. गोगोची आग काढायचा हुकूम आला तेव्हा बाबांनी ती स्वतः काढली. शेवटचं फावडं त्यांनी कुठे रिकामं केलं हे कुणी विचारलं नाही. त्यानंतर त्यांना कधी स्वेटर लागला नाही.

"आज तिला तोडायला माणसं आलीत," दुबेकाका म्हणाले. "म्हाताऱ्याने दिवस बरोबर धरला. चितेवर ठेवलं की हा विस्तव संपला. गोगोत ठेवलं तर स्टीमवरच्या इंजिनाला कटर लावता येत नाही. तुझी आई राहिली नाही, लेक तू आहेस. तू बोल."

"अरे, पण स्मशानात लाकडं येऊन पडली आहेत," मनहरभाई म्हणाले.

"उचला," मी म्हणाले. दाराआडचं बाबांचं फावडं मी हातात घेतलं. भुसावळहून येताना त्यांनी सामानात एवढीच एक लोखंडी वस्तू आणली होती.

पुढचं दार समोर दिसत होतं, पण पॅसेज लांबत गेला. आम्ही तिरडी घेऊन चालत राहिलो. भिंती काळ्या झाल्या, छपरात धुराडी आली, पायांखाली राख करकरू लागली. मनहरभाई दोनदा खांदा बदलण्यासाठी थांबले. दार उघडलं तेव्हा आम्ही सायडिंगला होतो आणि समोर गोगो उभी होती. तिच्या पुढचे रूळ उचलून नेलेले होते. मागचेही. तिच्या चाकांखाली होते तेवढेच उरले होते.

बाबांना आगीच्या दारातून आत सरकवताना त्यांचे खांदे आपोआप आवळले गेले. मी जाळीवर त्यांचं डोकं नीट ठेवलं आणि तोंड पुन्हा उघडलं. मागच्या कोळशाच्या खणात थोडा कोळसा होता. दुबेकाकांनी तो टाकला. टाक्यांत पावसाचं पाणी साठलेलं होतं. बऱ्याच वेळाने वाफेच्या दाबाचा काटा जागचा हलला.

खालून एक माणूस वर पाहत होता. त्याच्या खांद्यावर गॅसचा पाइप होता.

"बाई, आग आहे का हिच्यात?"

"आहे."

"मग थांबतो. आगीवरच्या इंजिनाला आम्ही हात लावत नाही."

"कुठवर थांबाल?"

"आग आहे तोवर." त्याने आपल्या माणसांना खूण केली. ती सावलीला बसली आणि त्यांनी डबे उघडले. "तुमचं चालू द्या," तो म्हणाला. "आम्हाला घाई नाही."

मी शिटी ओढली. गावावरून ती गेली, टेकड्यांपर्यंत पोचली. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. कुठूनही उत्तर आलं नाही.

कोळसा संपला तेव्हा दुबेकाकांनी फावडं माझ्या हातात दिलं आणि टोपी घातली.

"पोरी, माझी पाळी संपली."

"बदलीला कोण आहे?"

त्यांनी हनुवटीने माझ्याकडे खूण केली. मग दांड्याला धरून सावकाश खाली उतरले. मनहरभाईंनी त्यांना हात दिला.

पॅसेज आता आखडला होता. इंजिनातून हात लांब केला की घर लागत होतं. मी बाबांचा पलंग ओढून घेतला, तोडला आणि आत टाकला.

"मधे ढीग करू नकोस," आतून बाबा म्हणाले. "कोपऱ्यांत टाक. पातळ पसरव."

मी कोपऱ्यांत टाकलं. मग आईचं पोळपाट-लाटणं. मग पुस्तकं. पुस्तकं भराभर जळतात, काटा जागचा हलत नाही. देव्हाऱ्यातले देव काढून मी खिशात ठेवले आणि देव्हारा टाकला. तो सुका होता, चांगला जळला. दारं टाकली, चौकटी टाकल्या. प्रत्येक वस्तूनंतर घर आणखी जवळ येत होतं. स्वयंपाकघराची भिंत पाठीला लागली, मग छप्पर डोक्याला टेकलं, आणि शेवटी माझ्यात आणि आगीच्या दारात एका पावलाची जागा उरली.

खाली त्या माणसांचं जेवण झालं होतं. त्यांच्यातला एक जण कटरचं तोंड फडक्याने पुसत होता.

"वैजू," बाबा म्हणाले, "किती उरलंय?"

"पुष्कळ आहे, बाबा."

"मग ठीक."

काटा खाली यायला लागला होता. मी मागे हात नेला. मागे भिंत होती, विटांची. खाली पत्रा होता. वर पत्रा होता. मी हातातल्या फावड्याकडे पाहिलं. त्याचा दांडा बाभळीचा होता, बाबांनी भुसावळला स्वतः तासलेला, आणि त्यांच्या दोन्ही तळव्यांच्या जागी तो झिजून खोल झाला होता. माझे हात तिथे बरोबर बसले होते.