रंगीत घळीतला दोर

घळीच्या तोंडापर्यंत उंटावरून चार तास लागले. वाटेत वाटाड्या अव्वादने त्या गोऱ्या फोटोग्राफरला, योरिसला, चहा दिला नाही की भाकरीचा तुकडा दिला नाही. योरिस आपल्या बाटलीतलं पाणी प्याला, आपली बिस्किटं खाल्ली. अव्वादला तेच हवं होतं. सिनाईच्या वाळवंटात ज्याच्या पोटात तुमचं पाणी गेलं, तो तीन दिवस आणि वर दिवसाचा तिसरा हिस्सा तुमचा पाहुणा. त्याच्या केसालाही धक्का लावता येत नाही. आणि अव्वादला तर तो जिवंत परतायला नको होता.

बारा वर्षांपूर्वी याच योरिसने त्यांच्या तंबूत पोटभर खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी खडकाआड दडून त्याने अव्वादच्या धाकट्या बहिणीचा, रुबय्याचा, फोटो काढला. ती घळीतल्या डबक्यावर केस धूत होती. वर्षभरात तो फोटो कॅलेंडरवर छापून नुवैबा गावच्या दुकानादुकानात टांगला गेला. ठरलेलं लग्न मोडलं. रुबय्याने पुन्हा घळीत पाऊल टाकलं नाही. तंबूत बसून शेळीच्या केसांचे दोर वळत राहिली.

योरिसने अव्वादला ओळखलंही नाही. पुरुषांकडे त्याने तेव्हा कधी बघितलंच नव्हतं.

"शेख, याआधी कुणा परदेशी माणसाला आणलंत इथे?"

"एकदा. खाऊन गेला."

आतल्या घळीत उतरायला तीन पुरुष उंचीचा सरळ कडा होता. रुबय्याने वळलेला दोर खडकाला बांधून दोघे योरिसची कॅमेऱ्याची पेटी घेऊन उतरले. तिथे ऊन दुपारी घटकाभरच पोहोचतं. ते आलं आणि कडे पेटले: लाल, पिवळे, जांभळे, मधे दुधासारखे पांढरे पट्टे. योरिस वेड्यासारखा फोटो काढत सुटला. रंग उठून दिसावेत म्हणून आपल्या बाटल्यांतलं पाणी तो कड्यांवर ओतू लागला.

"अरे, दगडाला कसलं पाणी पाजतोस? उद्या दूध मागेल तो!"

"फोटो बघा शेख, मग बोला. आयुष्यात असा मिळाला नव्हता!"

अव्वादने आपली पाण्याची पखाल सावलीत ठेवली आणि दुपारचा नमाज पढला. मग ती खांद्याला अडकवून मुकाट्याने दोरावरून वर चढला, आणि दोर ओढून घेतला. झालं होतं. आता नुसतं उंटावर बसायचं होतं. तेवढ्यात त्याला खांदा हलका वाटला. त्याने पखाल हलवली. अर्धी रिकामी.

त्याने खाली वाकून पाहिलं. योरिसची दाढी ओली होती.

"नमाजात होतात, म्हणून विचारलं नाही शेख! माफ करा, माझं सगळं संपलं होतं. दोर का ओढलात?"

अव्वादने आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. पाणी जिवाशी बाळगायचं, हे लहान पोराला कळतं. मग त्याने दोर खाली सोडला.

"आधी तू ये. पेटी मागाहून."

योरिस धापा टाकत वर आला. अव्वादने दोर ओढला आणि वेटोळं करून उंटाच्या खोगिराला बांधला.

"आणि माझी पेटी? शेख, सगळे फोटो तिच्यात आहेत!"

"पाणी कोण प्यालं?"

"मी."

"मग पाहुणा तू. पेटी प्याली नाही." अव्वाद पहिल्यांदा हसला. "चल. माझी बहीण रुबय्या वाट बघत असेल. कॅलेंडरवाली."

योरिसचा चेहरा राखेसारखा झाला.

तीन दिवस त्याची सरबराई झाली. बोकड कापला, कॉफी कुटली, सगळ्यात जाड सतरंजी त्यालाच. पेटीसाठी तो रडला, हातापाया पडला. दुसऱ्या वाटाड्यांना त्याने निरोप धाडले, पण कॅलेंडर टोळीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी आलं नाही.

चौथ्या दिवशी मुदत उलटायला घटकाभर उरली, तेव्हा तो तंबूतल्या बायकांच्या पडद्याजवळ येऊन बोलला, "रुबय्याताई, चुकलो मी. फक्त दोर द्या. मी एकटा उतरतो."

पडद्यापलीकडे सुरी चालल्याचा आवाज येत होता. रुबय्याने त्याच दोराचे वीतभर तुकडे केले होते आणि एकेका करडाच्या गळ्यात ती एकेक बांधत होती.

"दादा," ती म्हणाली, "पाहुण्याला सांग, दोर करडांना लागला. आणि ही घटका भरायच्या आत त्याला रस्त्याला लाव. मग तो पाहुणा राहणार नाही."