तारीखबाई

कोर्टात तिला सगळे तारीखबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत मोठ्याने. मोठ्या वकीलसाहेबांची ती ज्युनिअर, आणि तिचं काम एकच. केसचा पुकारा झाला की उठायचं आणि म्हणायचं, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." फाईल वाचायची तिने, मुद्दे काढायचे तिने, पण साहेबांच्या केसमध्ये ज्युनिअरने युक्तिवादाला तोंड उघडायचं नाही, हा त्या ऑफिसचा कायदा. बाकीचे कायदे त्याच्यानंतर.

एके दिवशी जज्जसाहेबच वैतागले. मारामारीत धरलेल्या दोघा भावांपैकी थोरल्याचा जामीनअर्ज होता. त्याची छाती कफाने भरलेली, तुरुंगाच्या डॉक्टरचा दाखला सोबत जोडलेला. "तुम्हीच बोला ना बाई, मी ऐकायलाच बसलोय," जज्ज म्हणाले. अहो, तो दाखला नुसता वाचून दाखवला असता तरी भागलं असतं! सगळं तोंडपाठ होतं तिला. आणि ही बया उठून काय म्हणाली? "पुढची तारीख मिळावी." सवय, दुसरं काय! तारीख मिळाली. ती उजाडायच्या आत थोरला तुरुंगातच दगावला.



अशात परगावच्या कॉलेजात एलएलएमला जागा मिळाली. होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा, सोमवारी वर्ग सुरू. आईला आनंद मावेना. "कर बाई, कर. प्राध्यापक होशील. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून कुणाचं भलं झालंय?" साहेब तर आईहून खूश. "तुझी बुद्धी इथे गंजतेय," म्हणाले, आणि न मागता शिफारसपत्र देऊन मोकळे झाले. तिलाही सुटायचंच होतं. वर्गात कोण मरतं? फळ्यावर जामिनाची कलमं लिहायची, तास संपला की घरी. पण होकार कळवायला फोन हातात घेतला की बोट जागच्या जागी अडायचं.

दुपारी त्या भावांची आई ऑफिसात आली. पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या कडेला टेकली. साहेब आतल्या खोलीत फोनवर होते.

"मॅडम, धाकट्याची तारीख सोमवारीच ना?"

"हो, मावशी."

"त्या दिवशी तरी जज्ज येतील का हो? थोरल्याच्या वेळी आलेच नव्हते म्हणे. साहेबांनी सांगितलं. आमचंच नशीब फुटकं, तुम्ही तरी काय करणार?"

साहेबांनी परस्पर सारवासारव करून टाकली होती, आणि त्यात तीही वाचली होती. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. गप्प बसण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी होकार, सोमवारी वर्ग, आणि विषय संपला.

"मावशी, जज्ज आले होते," ती म्हणाली. "मलाच बोला म्हणाले. मी बोलले नाही. तारीख मागितली."

मावशीने शिव्याशाप दिले असते, झिंज्या उपटल्या असत्या, तर पोरीला बरं वाटलं असतं.

"मग आता कशाला बोललीस?" मावशीने विचारलं.

पोरीने फोन काढला आणि कॉलेजला नकार कळवून टाकला. बोट या खेपेला अडलं नाही. आई घर डोक्यावर घेणार, साहेब दार दाखवणार, सगळं दिसत होतं तिला.

"मी पुढे शिकायला जाणार होते. आता जात नाही," ती म्हणाली. "सोमवारी साहेब असोत नसोत, मी असेन."

मावशीने पिशवी उचलली, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

"मागच्या वेळीही होतीसच की," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.