तपासणी वहीतली सही

खेळाच्या तासाला नववीतल्या एका मुलीला दम्याची धाप लागली, तेव्हा तिचा पंप, मुलांची औषधं ऑफिसातच ठेवायच्या नियमाप्रमाणे, तिथल्या कपाटात कुलूपबंद होता. किल्ली कारकुनाच्या खिशात आणि कारकून जेवायला बाहेर. पोरगी वाचली, पण आठवडाभर दवाखान्यात पडून होती. मुख्याध्यापक म्हणाले, "आपण सगळे नियम पाळले होते."

विज्ञानाच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पुस्तक उघडलंच नाही.

"नियम पाळूनही तुमची मैत्रीण मरता मरता वाचली. मग आता नियमच तपासायचे. घड्याळ लावून मैदानापासून कपाटापर्यंत जा. स्वतः बघा, मगच लिहा. आणि काय बदलायचं तेही सांगा."

पोरांनी तीन दिवसांत शाळा पिंजून काढली. आजारी मुलांच्या खाटेवर मोडक्या खुर्च्या रचलेल्या. प्रथमोपचाराच्या पेटीतलं मलम दोन वर्षांपूर्वीच बाद झालेलं. किल्ली शोधून पंप हातात यायला अकरा मिनिटं! फळ्यावरची यादी वाढत गेली, तशा बाई आणखी धुमसू लागल्या. "नुसते कागदी घोडे नाचवतात मेले!"

तेवढ्यात त्या आजारी मुलीच्या शेजारी बसणारी उठली. तिच्या हातात पेटीची आणि पंपाच्या कपाटाची तपासणी वही होती.

"बाई, इथे दर महिन्याला 'सर्व ठीक' लिहिलंय. खाली सही तुमची आहे."

शिपाई वही पुढे धरायचा आणि बाई पेपर तपासता तपासता सही ठोकायच्या. पेटी किंवा कपाट त्यांनी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं. इतके दिवस दुसऱ्यांवर काढलेला राग आता त्यांच्यावरच उलटला.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या. "यादीत लिही. सगळ्यात वर."

मुख्याध्यापकांनी यादी वाचून टेबलावर आपटली. "यात पहिल्या तुम्हीच अडकाल, कळतंय का?"

"अडकू दे. पण माझ्याबरोबर तुम्हीही अडकाल, सर. ही यादी पालकसभेत पोरंच वाचणार आहेत."

पोरांनी ती खणखणीत वाचली. पालक खवळले. पंप ज्याचा त्याच्या दप्तरात राहील, ही मुलांची सूचना तिथल्या तिथे मान्य करावी लागली. बाईंना नोटीस मिळाली, ती त्यांनी मुकाट्याने घेतली.

सभेनंतर त्या आजारी मुलीच्या आईने त्यांना दारात गाठलं.

"न बघता सही करताना तुमचा हात कसा थरथरला नाही हो?"

बाई खाली मान घालून उभ्या राहिल्या.