बटणांचा फोन

सुटकेची अट: इंटरनेट वापरायचं नाही. दुसऱ्याच्या फोनकडे बघायचंसुद्धा नाही.

म्हणून मामाकडे बटणांचा फोन. देखरेखीचे साहेब येतात, बटणं दाबून बघतात, "स्वच्छ" म्हणतात आणि जाताना स्वतःचे शर्ट इस्त्रीला टाकतात.

दुकान ताईचं. मामा मागे, पडद्याआड, इस्त्री फिरवतो. पुढे काउंटरवर ताईची मुलगी फोन घेऊन बसते. तिला कसलीच अट नाही.

(मामानं काय केलं होतं: एका अनोळखी शाळकरी मुलीला कित्येक महिने लिहीत राहिला. शेवटी तिला भेटायला बोलावलं. ती आली.)

मुलीला पोहायला शिकवणारे सर पँट न्यायला आले.

"ताई, पोरीला जपा हं. आत कोण बसलाय ते विसरू नका."

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून धीर आहे, सर."

सर पायरीवर थांबले. अंगठा फोनवर. मामा कपड्यांची चळत ठेवायला पुढे आला, तेवढ्यात काउंटरवर मुलीचा फोन उजळला. नाव नसलेला मेसेज:

आईला सांगू नकोस, तिला उगाच त्रास होईल.

सरांनी फोन खिशात टाकला. मुलीनं आपला पालथा घातला.

सर वळणाआड गेल्यावर मामा ताईजवळ आला.

"ताई, तिचा फोन बघ. तिला लिहिणारे सर आहेत ते."

"काय आहेत?"

"ते वाक्य. माझं आहे ते. मी असंच लिहायचो."

ताईनं "माझं आहे" एवढंच ऐकलं.

तिनं बोलावल्यावर साहेब आले.

"तू तिचा फोन वाचलास?"

"समोर होता."

"म्हणजे अट मोडलीस. आणि वाक्य तुझं, हे तूच म्हणालास."

"साहेब, माझ्याकडे हा डबा आहे. यावरून कसं पाठवणार?"

साहेबांनी बटणं दाबली. "यात काहीच नाही. म्हणजे दुसरा लपवलायस."

इस्त्रीचं टेबल उलटं केलं. गादी फाडली. काही सापडलं नाही, तसे साहेब आणखी चिडले. सरांची चौकशी करा, असं मामा दोनदा म्हणाला.

"त्यांच्याकडे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला आहे. तुझ्याकडे काय आहे?"

ताईनं मुलीला जवळ ओढलं. "खरं सांग बाळा. मामा पाठवायचा ना?"

मुलगी जमिनीकडे बघत राहिली.

"घाबरू नकोस. मामाच ना?"

तिनं होय म्हणून मान हलवली. बरोबर उत्तर दिल्यावर आई जशी पाठीवरून हात फिरवते, तसा ताईनं फिरवला.

मामाला नेलं. जाताना तो ओरडला नाही. ओरडला असता तर तेही त्याच्यावरच उलटलं असतं. मुलीचा फोन साहेबांनी पुरावा म्हणून नेला.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फार सोसलंस. माझा जुना फोन पडूनच आहे, घे."

मुलगी हात पुढे करीना.

"अगं, घे की," ताई म्हणाली. "सरांना थँक्यू म्हण."