राहण्याजोगी जागा

रविवारी दुपारी बाबा पुण्यातल्या एका अनोळखी सोसायटीच्या फाटकाशी उभे राहून कण्हेरीचं पान अंगठ्याने पुसत होते. आदल्या रात्री म्हापशाहून बसने निघून ते सकाळी माझ्या भाड्याच्या खोलीवर पोचले होते. मी पुण्यात एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते. मी स्वतःची जागा घेणार असं कळल्यापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, की सही करण्याआधी जागा ते बघणार.

"धूळ आसा," अंगठा माझ्यापुढे धरत ते म्हणाले. "पांढरी. बांधकामाची. दोन-तीन वर्सांनी जातली."

डिचोलीच्या खाणीवर उभं आयुष्य फोरमन म्हणून काढलेल्या माणसाची ही सवय होती. कुठेही गेले की आधी पान पुसायचे. तांबडी धूळ निघाली की तो ट्रकांचा रस्ता, आणि ट्रकांच्या रस्त्यावर पोरांना एकटं सोडू नये, हा त्यांचा हिशेब.

मी त्यांना सांगितलं की या वस्तीची माहिती मी नेटवर काढली आहे. अशा साइट असतात, लोक आपापल्या वस्तीला गुण देतात. पाणी, रस्ते, सुरक्षितता, शेजार. या वस्तीला सुरक्षिततेचे पाचापैकी चार होते.

"कोणी दिले मार्क? हंय रवतत ते?"

"राहून गेलेलेही असतात."

"बरी जागा, तर मगे गेले कित्याक?"

ते स्वतःवरच खूश होऊन हसले आणि वॉचमनकडे गेले. बाहेरच्या माणसाशी बोलताना बाबा शाळेत शिकलेलं मराठी काढत. रात्री फाटक कोण बघतो, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, मागच्या मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळी कोण बसतं. वॉचमन आधी कंटाळला, मग रंगात आला. त्याचा भाऊ वास्कोला बंदरावर होता असं निघालं, तेव्हा तर दोघे मला विसरूनच गेले.

चौथ्या मजल्यावरची ती जागा रिकामी होती. बाबांनी प्रत्येक जनेलाचे, म्हणजे खिडकीचे, गज हलवून पाहिले, संडासात पाणी सोडून पाहिलं, बाल्कनीतून खाली वाकून पाहिलं. मग मला काही कळायच्या आत बाहेर जाऊन समोरच्या दाराची बेल दाबली. साखळीच्या फटीतून एक तरुण डोकावला. कानांवर हेडफोन.

"डिलिव्हरी?"

"नाही हो," बाबा म्हणाले. "शेजार."

त्याने हेडफोन काढला. त्याचं नाव निहार, नागपूरचा. शेजारी कोण राहतं ते त्याला माहीत नव्हतं, वरच्या मजल्यावर लहान मूल आहे एवढं आवाजावरून माहीत होतं. "पण काकू खालच्या चांगल्या आहेत," तो म्हणाला. "माझी चावी त्यांच्याकडे असते." जिना उतरताना बाबा म्हणाले, "चावी देवपासारको एक जरी मनीस आसलो तर फुरे." फुरे म्हणजे पुरे. मी म्हटलं, "म्हणजे जागा पास?" ते जिन्याचा कठडा हलवून बघत होते.

संध्याकाळी बस पकडायला आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत चालत निघालो. मधला रस्ता लांब होता, एका बाजूला पत्र्याचं कुंपण. बाबा मागे रेंगाळू लागले. मी थांबले की म्हणायचे, "गुडघो. तू चल गो फुडें, मी येतां." म्हणून मी पुढे आणि ते वीसेक पावलं मागे, असे आम्ही चाललो. रविवार होता तरी कितीतरी बायका त्या वाटेने येत होत्या, कुणी फोनवर बोलत, कुणी भाजीची पिशवी सांभाळत. मला वाटलं, चांगलं आहे, त्यांना दिसतंय, इथे माणसांचा वावर आहे.

बसच्या दाराशी मी पुन्हा विचारलं, "सांगा ना, घेऊ का?"

"सांगतां मगे. घाय कित्याक? जागा खंय पळून जाता?" पायरीवर एक पाय ठेवून त्यांनी मागे वळून विचारलं, "बाकी सगळां बरां मगो?"

"बरं आहे."

गेली कितीतरी वर्षं दर रविवारी फोन ठेवताना हेच दोन शब्द मी बोलत आले होते.

दुसऱ्या दिवशी ते म्हापशाला उतरले, पेडण्याच्या बसने घरी आले, आंघोळ केली, चहात पाव बुडवून खाल्ला आणि बाहेरच्या सोप्यावर बसले. जेवायला हाक मारली तेव्हा उठले नाहीत. मला सदाकाकांचा फोन आला. बाबांचा धाकटा भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. ते फक्त एवढंच म्हणाले, "संजना, यो गो."

सुतकाच्या दिवसांत घरात माणसं भरलेली असतात आणि करायला काम नसतं. मी बाबांच्या जागी सोप्यावर बसून रस्ता बघत असे. पुण्याच्या त्या वस्तीला मी लावलेली फूटपट्टी आपोआप इथे लागू लागली. मागचं दार दिवसभर उघडं. मोपाचा विमानतळ झाल्यापासून टॅक्स्या मात्र आमच्या अरुंद वळणावरून अशा सुसाट जातात की आई कोंबड्यांसारखी माणसंही आत बोलावते. दोन घरं पलीकडे नव्या खोल्यांत भाडेकरू आलेत, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, म्हणून तिन्हीसांजेला आता कड्या लागतात. तरीही पाच गुण द्यावेत अशीच ही जागा. आई रात्री नुसती खोकली तरी पलीकडून काकी विचारते, "काय जालां गो शांता?"

इथे तुमच्या मागे कुणी येत नाही. इथे सगळे पुढे बसलेले असतात. खंय चलली? कोणे सोडली? रजा कितकी? मोठी झाल्यावर मला ते नकोसं झालं होतं, यात त्यांची काही चूक नव्हती. वस्ती सुरक्षित करणारी गोष्ट हीच आहे आणि मी निघून गेले तीही हीच, हे मला त्या सोप्यावर बसून पहिल्यांदा नीट दिसलं. त्याचा उपयोग काय करायचा ते कळत नव्हतं. जागेच्या मालकाचा फोन येऊन गेला होता. दुःखात त्रास देतो, म्हणाले, पण दुसरे लोक मागे लागलेत.

एका दुपारी आई आणि मी दोघीच स्वयंपाकघरात होतो. आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "बाबा त्या सकाळी काही म्हणाले का? जागेबद्दल?"

"बरी आसा म्हणाले. जनेलां घट. वॉचमन बरो. समोर एक चलो आसा तो पयलीं कान झाकून रवता, पूण वायट ना." चलो म्हणजे मुलगा. ती थोडी हसली. मग हात सुपात तसाच ठेवून म्हणाली, "तेंका जागेची काय काळजी ना. तुजी जाली."

"माझं काय?"

"तू चलतंय तशी फाटीं बघतंय, म्हणाले."

"ते मागे राहिले होते, गुडघा दुखत होता. म्हणून बघत होते मी."

"गुडघो!" आई म्हणाली. "हंय सकाळीं बस स्टँडावरसून चलत आयले ते. मुद्दाम फाटीं रवले. म्हणाले, पयलीं माकाय दिसलां, चली माका बघता. मगे कळलां, ती माका बघना. माज्या फाटल्यान कोण येता तां बघता. बाकीच्यो बायलो चलत गेल्यो, आमचीच तेवडी बघता."

मी तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी मनात तिचे आभार मानले.

"मगे म्हणाले, देवाक विचारतां. कौल घेतां, तिका परती घरा हाडूं काय म्हणून."

हाडूं काय म्हणजे आणू का. गावात कुठलाही मोठा प्रश्न असला, लग्न, विहीर, नवं घर, की रवळनाथाच्या देवळात कौल लावतात. भटजी देवाच्या मूर्तीवर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात, विचारणारा प्रश्न मोठ्याने सांगतो, आणि कुठली पाकळी आधी पडते त्यावर उत्तर. उजवी म्हणजे होय. मी बरंच काही वाचलं आहे आणि पाकळी का पडते हे मला समजतं. पण आमच्या घरात उजव्या पाकळीच्या विरुद्ध कुणी गेल्याचं मला आठवत नाही. बाबांनी एकदा डिचोलीतली बढती त्यावरून नाकारली होती.

त्याच संध्याकाळी सदाकाका आले. सगळं त्यांनी ठरवूनच आणलं होतं. सुतक संपलं की सोमवारी देवळात जायचं.

"दादाचो प्रस्न रवलो आसा. तसो सोडूंक जायना."

"काका, मी चाळीस वर्षांची आहे."

"मगे? देव त्याच्यावन जाण्टो आसा." जाण्टो म्हणजे म्हातारा. काकी तोंडाला पदर लावून हसली. काका मात्र हसले नाहीत. "म्हापशाक कॉलेजां आसत. लायब्ररी खंयय आसता. वैनी एकटी रवतली काय?"

"माजां नाव घेव नकात भावोजी," आई आतून म्हणाली. "माका खंयय वचूंक नाका आणि कोणाक हाडूंकय नाका. माजो शेजार आसा." मग हळू आवाजात, "पूण तेंचो प्रस्न तो तेंचो."

म्हणजे सुटका नव्हती. उजवी पाकळी पडली असती तर मी पुण्याला गेले असते तरी वडिलांचा शेवटचा शब्द मोडून गेले असते. आईने अडवलं नसतं. पण आईला दर रविवारी फोनवर ते आठवलं असतं, आणि मलाही.

सोमवारी देवळात गर्दी नव्हती. आत थंड होतं. भटजींनी पाकळ्या पाण्यात भिजवून ताटलीत मांडल्या होत्या. आई माझ्या शेजारी, काका पुढे. काकांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. त्यांचा आवाज थेट बाबांसारखा लागतो हे मला ठाऊक होतं, तरी मी सावरून उभी राहिले.

"बा म्हाराजा रवळनाथा! तुजां लेकरू गोकुळदास हंय येवचो आशिल्लो, तो पावलो ना. ताचो प्रस्न घेवन मी उबो आसां. ताची चली परमुलखात एकटी रवता. तिका परती घरा हाडची काय ती..."

"काका, थांबा."

भटजींचा पाकळी धरलेला हात तसाच राहिला. काकांनी वळून पाहिलं. ते रागावले नव्हते, नुसते गोंधळले होते. गाऱ्हाणं मध्ये तोडलेलं त्यांनी कधी पाहिलं नसावं.

"पाकळी लावण्याआधी मला बोलायचंय."

"मनात बोल गो. देवाक सगळां कळता."

"देवाक कळता," आई म्हणाली. "घरच्यांक कळूंक नाका? उलवंदे तिका."

काका बाजूला झाले. मी पुढे गेले. देवाकडे बघून बोलायचं असतं, पण मला तिथे बाबाच उभे दिसत होते, थोडे मागे राहिलेले. मी घसा साफ केला. आवाज गाभाऱ्यात मोठा वाटला.

"बाबा, मला तिथे भीती वाटते. भर दुपारीसुद्धा वाटते. एकदा एक माणूस बस स्टॉपपासून लिफ्टपर्यंत माझ्या मागे आला होता. त्याने काही केलं नाही, लिफ्टमध्ये बघून हसला आणि निघून गेला. तेव्हापासून मी दाराबाहेर पुरुषाच्या चपला ठेवते, घरात कुणी आहे असं वाटावं म्हणून. तुम्ही यायचात तेव्हा त्या कपाटात टाकायचे. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला घेऊन आला असता, म्हणून सांगितलं नाही. मला यायचं नव्हतं, बाबा. आताही नाही. मला भीती वाटत असली तरी मला तिथेच राहायचंय. मला घरी आणू नका."